कडू कुणाच्या घरचं

"…मग उरलेला चौथा हिस्सा कुणाच्या माथी मारू, बाबा?"

निशिकांत दर्ग्याच्या पायरीवर बसला तो जवळजवळ कोसळलाच. खाडीच्या गाळातला कार्बन कुठून येतो हे शोधता शोधता त्याचे केस पिकले होते. चिमूटभर गाळ हाती आला की तो त्याच्या सात पिढ्या सांगायचा. खेकडेसुद्धा आपलं मूळ गाव विचारायला त्याच्याकडे येतात, असं लोक म्हणत.

"घाटावरचा पाला, शहराचं गटार, काठच्या तिवरांच्या झाडांची कुजकी पानं… तिघांचे हिस्से लागले. चौथा लागत नाही. खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्या मरताहेत, उद्या सभा आहे, लोकांना नाव हवंय. तिवरांवर टाकलं तर माझी सुटका होते."

"आणि तिवरांची?"

"…तोडतील."

लतीफबाबांनी भिक्षेचा कटोरा पुढे केला. त्यांची रीत होती, घराघरातलं अन्न एकत्र कालवायचं, मगच घास घ्यायचा.

"सांग, काय कुठलं."

निशिकांतने घास घेतला. दमलेला होता, तरी मान ताठ झाली. "जवळा कोळीवाड्यातला. कुळथाचं पिठलं वरच्या आळीचं. भात खोतांकडचा."

"आणि हे कडू?"

तो चावत राहिला…

"देवळामागच्या यशोदाकाकूंचं असेल. त्यांचंच करपतं नेहमी."

"बरं झालं सांगितलंस. आजपासून तिच्या दारी जाणं बंद."

बाबांनी काठी उचलली.

"अहो थांबा बाबा, मी आपला अंदाजानं बोललो."

बाबांनी उजवा हात त्याच्या नाकाशी धरला. कडुलिंबाचा उग्र वास. पायाच्या जखमेसाठी सकाळभर त्यांनी पाला कुस्करला होता, आणि त्याच हातानं भिक्षा कालवली होती.

खाडीला ओहोटी लागली होती.

"म्हणजे चौथा हिस्सा माझ्याच हातून मिसळलाय, असं म्हणता?"

"मला काय ठाऊक, बाळा? मी काही खाडी ढवळत नाही."

"मग उद्या सभेत उभा राहून सांगू काय? शोधून शोधून थकलो, तरी कळलं नाही, असं?"

बाबांनी काठी खाली ठेवली. कटोरा त्याच्याकडे सरकवला.

"जेव आधी. कडू लागेल… पण कुणाचं नाव घेऊ नकोस."