रोजचं एक स्तोत्र

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात शांतवन नावाचा विणकर राहत होता. हात मोठा कसबी. त्याच्या मागावरचं लुगडं विरेल पण फाटणार नाही, असं बाया म्हणायच्या. रविवारच्या उपासनेत गीत सुरू झालं की त्याचा आवाज सगळ्यांच्या वर चढे.

भक्ती मात्र त्याची उसळीची. गावात संजीवन सभा, म्हणजे भक्ती जागवणाऱ्या सभा, झाल्या की तो भारावून जाई. पहाटे उठून गुडघे टेकी, उपास धरी, वाटेत भेटेल त्याला थांबवून प्रभूने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष सांगे. पंधरा दिवसांत मन निवलं की पवित्र शास्त्र फडताळात जाई, ते पुढच्या सभांपर्यंत. मग देव आपल्यापासून दूर गेला म्हणून तोंड पाडून बसे.

त्याची बायको सलोमी म्हणे, "देव कुठं गेला नाही. जाणं-येणं तुमचंच चालू असतं."

एका वर्षी सभा संपल्याबरोबर तो चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेला. "साहेब, मला एखादं मोठं काम द्या. डोंगरापलीकडच्या गावांत सुवार्ता सांगत हिंडतो."

पाळकसाहेब म्हणाले, "वेशीजवळच्या रहेलबाईचे डोळे गेलेत. तिला दिवस कलताना एक स्तोत्र वाचून दाखवशील?"

"एकच?"

"एकच. पण रोज."

शांतवनला ते काम फारच लहान वाटलं. पहिल्या दिवशी त्याने सात स्तोत्रं वाचली, वर तीन गीतं गायली. आठवडाभर असंच चाललं. दुसऱ्या आठवड्यात पाय जड झाले. तिसऱ्यात तो गेलाच नाही.

"का हो?" सलोमीने विचारलं.

"आतून येत नाही. मन नसताना वाचायचं म्हणजे ढोंगच की."

अकरा दिवस गेले, तेव्हा मात्र त्याचं मन त्याला खायला उठलं. तो वेशीकडे गेला. रहेलबाई ओट्यावर वाटेकडे तोंड करून बसली होती.

"मावशी, चुकलो. आता तीन दिवस कडकडीत उपास करतो आणि सगळं भरून काढतो."

"तुझ्या उपासानं माझ्या कानात काय पडणार, बाबा?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "अकरा दिवस मी इथं येऊन बसले. आज एक वाच, आणि उद्या ये."

"आणि उद्या मन नसलं तर?"

"डोळे गेले त्या वर्षी मला प्रार्थनेचा एक शब्द गोड लागत नव्हता. तोंडाला चव नाही म्हणून माणूस जेवण सोडतं का? मन नसलं तर प्रभूला तसंच सांग, आणि ये."

शांतवन दुसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्याही. बाजारच्या दिवशी गेला, सलोमीशी भांडण झालं त्या दिवशीही गेला. कधी स्तोत्र मनाला भिडे, कधी नुसतेच शब्द वाटत. तो एकच वाचायचा आणि घरी यायचा. असं वर्ष होत आलं.

मग गावात तापाची साथ आली. सलोमी चार दिवसांत गेली.

तिला मूठमाती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी शांतवन मागासमोर नुसता बसून होता. घर सोयऱ्यांनी भरलं होतं. दिवस कलला तसा तो उठला आणि त्याने शास्त्र काखेत घेतलं.

थोरला भाऊ म्हणाला, "आज नको जाऊस. मावशी समजून घेईल."

"ती घेईल, दादा. पण आज बसलो तर मी पुन्हा उठायचो नाही."

रहेलबाईला पावलांवरून तो आल्याचं कळलं. तिने सरकून जागा केली. शांतवनने शास्त्र उघडलं, पण अक्षरं दिसेनात.

"मावशी, आज माझ्यात काही नाही. आहे तो देवावरचा रागच."

"मग तोच घेऊन आलास, बरं केलंस. बस."

तिने सांत्वनाचे शब्द शोधले नाहीत. त्याला चार ओळी वाचायला फार वेळ लागला. तो उठेपर्यंत ती ऐकत राहिली.

पुढचे कितीतरी दिवस तसेच कोरडे गेले. मग थंडीतल्या एका संध्याकाळी वाचता वाचता तो थांबला आणि त्याने तीच ओळ पुन्हा वाचली. त्याला ती पुन्हा ऐकावीशी वाटली होती. सलोमी गेल्यानंतर तो पहिल्यांदा रडला. रहेलबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ती थांबून राहिली. डोळे पुसून त्याने स्तोत्र पुरं केलं.

त्या वर्षीच्या सभांमध्ये पाळकसाहेबांनी त्याला साक्ष द्यायला उभं केलं. लोक सावरून बसले, कारण शांतवनची साक्ष तासभर तरी चालायची.

"मी खचलो होतो," तो म्हणाला. "अजूनही काही दिवशी खचतो. पण प्रभूने मला सोडलं नाही. ते मला रोज वेशीपर्यंत जाता जाता कळत गेलं."

एवढं बोलून तो खाली बसला. थोड्या वेळाने त्याने बाहेर पाहिलं. उन्हं उतरली होती. सभा अजून रंगात होती, पण शांतवन हळूच उठला, दाराशी चपला घातल्या आणि रहेलबाईच्या घराकडे चालू लागला.

तात्पर्य: उसळलेलं मन आज आहे, उद्या नाही. मन रिकामं असतानाही जो आपलं रोजचं पाऊल चुकवत नाही, त्याला दुःखाच्या दिवशी प्रभू त्याच वाटेवर भेटतो.