बंद दाराची पाळी

"सगळ्यांना सारखं दिलं, सर. मग चुकलं कुठे?"

केळुसकर सर हाताला खोबरेल चोपडून अंगणात फणस फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विश्रामने गाऱ्हाणं पुन्हा मांडलं. वाडीत इंटरनेट आणलं ते सरांच्या या विद्यार्थ्याने, आणि त्याचा त्याला ताठाही होता. काचेची एकच तार सगळ्या घरांत आणि आरोग्य केंद्रात वाटलेली. तिच्यावरून एका वेळी एकाच घरातून काही बाहेर पाठवता येतं, म्हणून त्याने पाळ्या लावल्या. घर कुणाचंही असो, पाळी सारखीच. तरीही काल आरोग्य केंद्रातून दत्तू तांडेलचा एक्स-रे जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे संध्याकाळपर्यंत पोचला नाही. दत्तू शाळेत विश्रामच्याच बाकावरचा. खुबा मोडून दिवसभर कण्हत पडला होता.

सरांनी केळीच्या पानावर गरे काढले आणि पान त्याच्या हातात दिलं.

"वाडीत वाटून ये. सगळ्यांका सारखे."

विश्राम मनातून वैतागला. पण पान हातात आलं आणि त्याला बरंही वाटलं. लहानपणी हे काम त्याचंच. तेव्हा फणस फुटला की हाक मारायच्या आधीच दारं उघडायची.

पहिलं घर परबांचं. दाराला कुलूप, मंडळी मुंबईला. तो वळला, तर सर मागे उभे.

"खंय चल्लस? त्येंची पाळी आसा मा? थांब."

विश्राम थांबला...

याच ओटीवर तो आणि दत्तू कॅरम खेळायचे. सुमती काकी ओरडायच्या आणि मग लाडू द्यायच्या. त्याला भरून आलं.

गऱ्यांवर माश्या बसू लागल्या. शेजारच्या दारात गवाणकर वहिनी ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांचं घर पाहुण्यांनी भरलेलं.

"सर, आत कोणी नाहीये."

"ठाऊक आसा."

"मग?"

सरांनी कुलपाकडे बोट केलं.

विश्राम कुलपाकडे पाहत राहिला. वाडीतली निम्मी घरं अशीच. जोडणी चालू, माणसं नाहीत. त्यांच्या पाळ्या काल एकेक करून रिकाम्या गेल्या आणि दत्तूचा एक्स-रे ताटकळत राहिला.

त्याने खाली मान घालून बरेचसे गरे वहिनींच्या ताटात ओतले.

"कळलं, सर. आजच ही बंद घरं पाळीतून काढून टाकतो."

सर परबांच्या दाराशी गेले.

"सुमती वयनी, आसास काय गो?"

क्षणभर त्यांनी कान दिला... मग पुढच्या घराकडे चालू लागले. तिथेही कुलूप होतं. तिथेही त्यांनी तशीच हाक मारली.

"रोज मारता, सर?"

"येता-जाता."

"कोणी ओ देत नाही, तरी?"

सर वळले. डोळे पाणावले होते, आवाज मात्र वर्गातलाच होता.

"घर काढूचा कित्याक? ओ इली तर थांबाचा, नाय तर फुडे. हाक मारूक कितकोसो वेळ लागता?"