हात रिकामे, मग हुंकार

पुष्कळ काळ लोटला त्याला. नद्यांवर अजून पूल नव्हते आणि वाटसरूंना फारशी घाई नव्हती, त्या काळी डोंगराच्या कुशीत एक गाव होते. गाव तसे इतर गावांसारखेच. पण तिथली एक रीत दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नसे.

दिवेलागणीला माणसे आपापल्या ओट्यावर येऊन बसत. एकाने आपले दिवसभराचे सुखदुःख सांगायचे आणि समोरच्या ओट्यावरच्याने हुंकार द्यायचा. मात्र हुंकार देण्याआधी हातातले काम खाली ठेवायचे. दोर वळणारा दोर ठेवी, धान्य निवडणारी सूप बाजूला सारी. "हात रिकामे, मग हुंकार," असे तिथली वडीलधारी माणसे शिकवत. भरल्या हातांनी दिलेला हुंकार म्हणजे घशातला नुसता वारा, असे ती मानत.

या रीतीला जोडून आणखी एक रीत होती. मरणाऱ्याचे अखेरचे बोलणे ज्याने ऐकले, त्याने ते वर्षभर मनात जपायचे आणि वर्ष सरल्यावर घरच्या माणसाच्या ओटीत घालायचे. दुःख ओले असते तेव्हा शब्द नीट ऐकू येत नाहीत, म्हणून.

त्या गावात सगुणा नावाची कोष्टीण राहत असे. ती लुगडी विकायला दूरच्या पेठेत गेली असताना मागे तिचा नवरा गेला. अखेरच्या घटकेला त्याच्या उशाशी होती ती समोरच्या घरातली गिरजाआत्या. आत्या नात्याची कुणी नव्हे. वाती वळून पोट भरणारी एक म्हातारी. पण तिच्यासारखा हुंकार साऱ्या गावात कुणाचा नव्हता.

"काय बोलले गं ते?" सगुणेने रडत विचारले.

"बोलला पुष्कळ. वर्ष सरू दे, अक्षर न अक्षर सांगेन," आत्या म्हणाली.

ते बोलणे कधी ऐकायला मिळेल, याच एका आशेवर सगुणा दिवस ढकलू लागली. घरात मागाचा खडखडाट होई, आणि माग थांबला की काहीच होत नसे. सांज झाली की ती ओट्यावर येई.

"आत्या, आज सूत फार तुटलं."

आत्या वाती खाली ठेवी, पदराला हात पुसे आणि म्हणे, "हूं."

तेवढ्यावर सगुणेला झोप लागे.

अशात गावाबाहेरून एक व्यापारी आला. त्याने वेशीजवळ भला मोठा मंडप उभारला आणि दवंडी पिटली, "मंडळी, उगाच ओट्यावर का बोलता? इथे येऊन बोला. जो बोलेल त्याला कवडी, जो हुंकार देईल त्यालाही कवडी!"

"आमची म्हैस दिवसभर रवंथ करते, तेही सांगू का?" एका कुंभाराने खिजवले.

"सांगा की! ऐकणारे मिळाले म्हणजे झालं."

"आणि शेटजी, यात तुम्हांला काय मिळतं?"

"मला? मला तुम्ही मिळता," व्यापारी हसून म्हणाला. सारे गाव त्याच्यासोबत हसले. मंडपाच्या चारही बाजूंना परगावच्या वाण्यांनी दुकाने मांडली होती, आणि आत जितकी माणसे बसत तितके मोल ते वाणी व्यापाऱ्याला मोजत. हे सर्वांच्या डोळ्यांसमोर घडत होते, म्हणूनच ते कुणाला दिसले नाही.

ओटे ओस पडले. एके दिवशी सगुणाही मंडपात गेली. तिने सूत तुटल्याचे सांगितले, तेव्हा दोन-चार पेंगुळलेले हुंकार आले. मग बोलता बोलता नवऱ्याचे नाव निघाले, आणि अवघा मंडप "हूं" म्हणून घुमला. सगुणेच्या अंगावर काटा आला. इतकी माणसे आपली आहेत, हे तिला ठाऊकच नव्हते.

त्या माणसांचे हात मात्र रिकामे नव्हते. कुणी शेंगा सोलत असे, कुणी कवड्या ओवत असे. तोंडातून हुंकार निघाला की उजवा तळवा पुढे होई आणि मंडपाचा सेवक त्यावर कवडी ठेवी. सगुणाही तसेच शिकली. कुणाच्या बारशाला आणि कुणाच्या मर्तिकाला ती एकाच श्वासात हुंकार देऊ लागली.

रोज तेच दुःख सांगून त्याची धार बोथट झाली. हुंकार विरळ होऊ लागले. तेव्हा कुंभारीण मागून ओरडली, "अहो सगुणाबाई, ते सगळं ऐकलं! शेवटी काय बोलले, ते सांगा की!"

वर्ष अजून सरले नव्हते. नवरा शेवटी काय बोलला, हे सगुणेला ठाऊक नव्हते. पण सगळे चेहरे तिच्याकडे वळले होते. इतके चेहरे एका वेळी तिच्याकडे कधीच वळले नव्हते.

"म्हणाले," ती थांबली, "म्हणाले, सगुणे, माझ्यामागे माग थांबवू नकोस."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. हुंकारांनी मंडप दणाणला. दुसऱ्या दिवशी लोकांनी आणखी मागितले, सगुणेने आणखी दिले. मृत नवरा रोज नवे काही बोलू लागला.

गोष्ट फिरत फिरत आत्याच्या कानी गेली. एका सांजेला सगुणा मंडपातून परतत होती, तेव्हा आत्याने हाक मारली.

"काय गं, तो असं बोलला होता होय?"

"लोकांना आवडतं, आत्या."

"हूं," आत्या म्हणाली. तिच्या हातातली वात मात्र तिने खाली ठेवली नव्हती. सगुणेच्या ते ध्यानात आले, आणि ती घाईने घरात शिरली.

वर्ष सरले. आत्या ओट्यावर येऊन बसली. "ये गं. आज सांगायचा दिवस."

"आज मंडपात माझी पाळी आहे, आत्या. उद्या येते." उद्याही तसेच झाले, परवाही. मग सगुणाच म्हणाली, "तूच का येत नाहीस तिकडे? तिथे सगळ्यांसमोर सांग. तुलाही चार कवड्या सुटतील."

"त्याने ते तुझ्यासाठी ठेवलंय, गावासाठी नव्हे," आत्या म्हणाली, आणि रिकाम्या मांडीवर रिकामे हात ठेवून बसून राहिली.

पुढे आत्याने अंथरूण धरले. दुपारची उन्हे कलली होती, तेव्हा तिने शेजारणीकरवी निरोप धाडला. या वेळी सगुणा गेली. मंडप उघडायला अवकाश होता. आत्याचा आवाज अगदी खोल गेला होता. सगुणा उशाशी बसली.

"तू पेठेत गेलीस ना," आत्या सांगू लागली, "त्या दिवशी सकाळपासून तो दाराकडे डोळे लावून होता. मग मला म्हणाला, आत्या, जवळ ये. माझ्या सगुणेला एवढंच सांग..."

"हूं," सगुणा म्हणाली.

आणि तिचा उजवा तळवा आपसूक पुढे झाला.

आत्या थांबली. तिने त्या पसरलेल्या तळव्याकडे पाहिले. सगुणेनेही पाहिले, आपलाच हात तिला परक्याचा वाटला, पण तो मागे घ्यायचेही तिला सुचेना. आत्याने कनवटीची गाठ सोडली. आत एकच कवडी होती. ती तिने सगुणेच्या तळव्यावर अलगद ठेवली.

"एवढीच आहे गं माझ्याजवळ," ती म्हणाली. क्षणभर तिच्या ओठांवर जुने हसू आले. "आता दमले. उद्या ये. आणि हे बघ, हात घरी ठेवून ये."

ती भिंतीकडे कुशीवर वळली.

सगुणा त्या दिवशी मंडपात गेली नाही. पहाट फुटताच ती समोरच्या घरी धावली. आत्या तशीच भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिला आता कुणी उठवू शकणार नव्हते.

सगुणा घरी येऊन मागापुढे बसली. नवऱ्याचा आवाज आठवावा म्हणून तिने डोळे मिटले. तो बोललाही; पण जे जे बोलला ते सारे तिनेच मंडपात रचलेले होते. त्या बोलण्याखाली त्याचे स्वतःचे बोलणेही तिला सापडेना.

काही काळाने पलीकडच्या गावात अधिक माणसे आहेत असे कळले, तेव्हा व्यापाऱ्याने मंडप उपटला आणि तो निघून गेला. लोक पुन्हा ओट्यांवर येऊन बसू लागले. पण एकाने काही सांगितले की समोरच्याचा तळवा पुढे होई, मग दोघेही ओशाळून गप्प बसत. पुष्कळ सांजा अशाच मुक्या गेल्या.

सगुणा मात्र रोज ओट्यावर येई. मागाचा धोटा घरात ठेवी, पदराला हात पुसे आणि आत्याची ती कवडी उजव्या मुठीत घट्ट धरून बसे, म्हणजे तळवा उघडणार नाही. हळूहळू एकेक जण तिच्यापाशी येऊन मन मोकळे करू लागला. असा हुंकार आत्यानंतर कुणी दिला नाही, असे लोक म्हणत. तिला काय सांगायचे आहे, हे मात्र कुणी विचारले नाही. सारे उठून गेले की ती समोरच्या ओट्याकडे पाहत राही. तो ओटा अखेरपर्यंत रिकामाच राहिला.

तात्पर्य : मोल घेऊन ऐकण्याची सवय जडली की जे अमोल आहे ते कानाशी येऊनही ऐकू येत नाही.