आभाळाच्या पाळ्या

त्या मुलखात आभाळ टिटवीच्या पायांवर तोललेलं होतं. नदीकाठच्या खड्यांवर राहणाऱ्या थव्याला मंडळी म्हणत. मंडळीने नेमलेली एक पाळक टिटवी टेकाडावर उताणी पडून, दोन्ही पाय वर करून, आभाळ पेलून धरी. पाय खाली घेतले तर काय होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं; आजवर कुणी ते घेतलेच नव्हते.

आताच्या पाळकबाईंना तर डुलकीचीही धास्ती. डोळा लागला आणि गुडघा वाकला तर? या काळजीने त्यांची झोप कधीच उडाली होती. मंडळीतली भांडणं त्या उताण्याच सोडवत, आजाऱ्यांची विचारपूस उताण्याच करत. त्यांचं अंडंसुद्धा मंडळीने पाळीपाळीने उबवलं. पिल्लू बाहेर आलं तेव्हा त्याला आईचे आधी पाय दिसले, तेही आभाळात.

बाईंची पाठ सोलवटली तशी वडील मंडळींनी कोरड्या माळावरून एक मदतनीस आणली, माळटिटवी. पाळकबाईंनी तिला आजाऱ्यांकडे पाठवलं; तेवढंच, फार नाही. पण ती आजाऱ्यांजवळ बसायची. चक्क बसायची!

"काय गोड बोलते हो ती," लोक टेकाडावर येऊन सांगत.

"गुणाचीच आहे," पाळकबाई म्हणत, आणि त्यांच्या नख्या आभाळात रुतत.

एके दुपारी त्यांच्या पायात असा गोळा आला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. माळटिटवी धावत आली.

"ताई, तुम्ही उतरा. आम्ही धरतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळेच. पाळ्या लावू की, थोडा थोडा वेळ."

"आभाळ आहे ते बाई, अंडं नव्हे!"

पण पाय ऐकेनात. माळटिटवीने शेजारी आडवं होऊन पाय वर केले, तशा पाळकबाई लंगडत खाली गवतात गेल्या आणि एका डोळ्याने वर पाहत उभ्या राहिल्या. माळटिटवीनंतर मंडळीतली कायम भांडणारी जोडी आडवी झाली, मग उपासनेला रोज उशिरा येणारी म्हातारी. म्हातारीने तर एकच पाय वर केला होता आणि वर हसतही होती. आभाळ जागचं हललं नाही. पाळकबाईंना स्वतःची लाज वाटली, पण मनात आलंच: थोडंसं पडायला काय हरकत होती? सगळं नको. पलीकडचा एखादा कोपरा.

तेवढ्यात त्यांना पिल्लू दिसलं. पाळी संपवून बसलेल्या माळटिटवीच्या पंखाखाली! त्या कडाडल्या.

"इकडे ये आधी!" साऱ्या काठाने ऐकलं.

पिल्लू आलं. आता ते विचारणार, आई, तुला काढून टाकलं का? बाईंनी उत्तरही जुळवून ठेवलं: काढलं नाही रे राजा, जरा विसावा घेतेय. पण आईला उभं पिल्लाने कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याने आधी तिच्याभोवती एक पुरी फेरी मारली. मग ते आईच्या पंखाखाली शिरलं. पंखाला सवय नव्हती; तो अवघडतच मिटला. मग पिसांतून इवलीशी चोच बाहेर आली आणि डोक्यावरच्या पंखाला टेकली.

"आई, या आभाळाच्या पाळ्या नको हं लावू."