बायजेनं न सोडलेली दोरी

फार वर्षांपूर्वी, घाटाखालच्या गवळीवाडीला अजून धड पायवाटही नव्हती तेव्हा, तिथे बायजा गवळण राहायची. तिच्या डेऱ्यात रवी फिरू लागली की घुसळण्याचा आवाज घाटमाथ्यावर ऐकू यायचा आणि तिच्या लोण्याचा गोळा दोघींना मिळून उचलावा लागायचा, असं म्हणतात. हवं तर थोडं कमी करून घ्या. पण बाई गुणाची होती, आणि गुणाचा ताठाही होता.

तिचा एक नेम होता. एकदा रवीची दोरी धरली की लोणी येईपर्यंत सोडायची नाही. मध्येच सोडली तर लोणी रुसतं, असं ती म्हणायची.

एके सकाळी तिची एकुलती लेक सगुणा दारात उभी राहिली. घाटावरच्या सासरहून एकटीच चालत आली होती.

"आये, जरा भाईर ये की. बोलायचंय."

"लोनी येतंय गं. बस तितंच."

"आये, दोरी सोड की वाईच."

बायजेनं मान वळवून पाहिलं. लेकीनं पदराखाली काहीतरी धरलं होतं. बायजा हसली. "ताकाला आलीस आन् भांडं लपवतीस व्हय?" आणि पुन्हा घुसळू लागली.

त्या दिवशीइतकं लोणी कधी आलं नव्हतं. ताकाचा पेला भरून बायजा हौसेनं बाहेर आली, तर उंबऱ्यावर नुसतं बोचकं होतं. त्यात लेकीची होती नव्हती तेवढी लुगडी. पोर कायमची माहेरी आली होती. ती परत सासरी पोचली नाही, की कुणाला दिसली नाही. काय घाई होती गं बायजे त्या लोण्याची!

पुढे बायजेच्या डेऱ्यात लोणी आलंच नाही. ताक मात्र आटेना. डेरा डोक्यावर घेऊन ती घाटाच्या तोंडाशी जाऊन बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला ताक पाजायची आणि विचारायची, "माजी सगुना दिसली का?" गावंच्या गावं पिऊन गेली तरी डेरा भरलेलाच, असं म्हणतात. एका उन्हाळ्यात बायजा दिसेनाशी झाली. डेऱ्याच्या जागी झरा लागला, आणि त्याचं पाणी अजून पांढुरकं आहे.

गवळीवाडीत आता मिक्सरवरही लोणी काढतात. पण दारात हाक आली की आधी बटण बंद होतं. लोणी बिघडलं तर म्हणतात, "बायजेच्या वाट्याला गेलं." आणि माहेरी आलेल्या लेकीला तिथे कुणी 'का आलीस' म्हणून विचारत नाही. आधी तिच्या हातातलं बोचकं आत नेऊन ठेवतात, मग ताक देतात.