हँडलवरचा मातीचा मोर

फार फार वर्षांपूर्वी... थांबा, इतकं मागे नको जायला. तेव्हा मोटारसायकली नव्हत्या, आणि आपल्या गोष्टीला तर दोन लागतात. तर जरा अलीकडच्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात एक कुंभार राहत होता आणि भिंतीला लागूनच त्याचा शेजारी, एक कासार, राहत होता.

कुंभाराला गावात मोठा मान होता. नवरात्राच्या पहिल्या दिवशी देवीचा घट त्याच्याच घरून निघायचा. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर तो गवत भरलेली पाटी बांधायचा, पाटीत घट ठेवायचा आणि सावकाश देवळाकडे निघायचा. बाया ओवाळायच्या, म्हातारे हात जोडायचे. वर्षभर चिखल तुडवणाऱ्या माणसाला तेवढा एक दिवस पुरायचा.

एका वर्षी नवरात्राच्या तोंडावर कासाराने आपल्या गाडीच्या हँडलवर, अगदी मधोमध, पितळेचा एक मोर बसवला. मुठीएवढाच होता, पण घासून लख्ख केलेला. झालं! पारावर मोर, पाणवठ्यावर मोर. "काय झोकात दिसते हो गाडी!" असं जो तो म्हणायला लागला.

इकडे कुंभाराचा नुसता जळफळाट.

"मान माझा, आणि लोक बघणार त्याच्या गाडीकडे," तो बायकोला म्हणाला. "मी घट घेऊन निघेन आणि सगळे विचारतील, कासाराचा मोर कुठाय?"

"विचारेनात का," कुंभारीण म्हणाली. "देवीला घट लागतो, मोर लागत नाही. तुम्ही आपले चार घास जेवा बघू."

पण पोटात हेवा शिरल्यावर चार घासांना जागा कुठली? त्याने देवीचा घट तेवढा घडवला, घरोघरच्या घटांची मागणी कशीबशी पुरी केली, आणि उरलेल्या मातीचा मोर करायला बसला. दरवर्षी तो एक घट जास्तीचा करून ठेवायचा. या वर्षी ती माती पिसाऱ्यात गेली.

मोर झाला सुपाएवढा! वाळवला, भाजला, निळा-हिरवा रंगवला. मग अंगणात गाडी स्टँडवर लावून, पक्कड हातात घेऊन, तारेचे वेढे देत त्याने मोर हँडलला आवळला. एक्सलरेटरची केबल तेवढी मध्येच लोंबत होती. एवढ्या देखण्या मोरापुढे ती काही बरी दिसेना. तिलाही त्याने मागे ओढलं आणि त्याच तारेत करकचून बांधून टाकलं. लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं, स्वारी खूश! हँडल मात्र एकदाही वळवून बघितलं नाही. सरळ असतानाच तर मोर सगळ्यात छान दिसत होता ना.

भिंतीपलीकडून कासार बघत होता. तो म्हणाला, "दादा, मोर झकास झालाय हां. पण ती केबल मोकळी करा. आणि गाडी काढायच्या आधी हँडल पार डावीकडे वळवून बघा एकदा."

"का रे? माझा मोर मोठा झाला म्हणून तुझ्या पोटात दुखायला लागलं वाटतं?"

"अहो, केबल ताणली गेली तर गाडी आपोआप उसळेल, एवढंच म्हणतोय."

"तू तुझ्या हँडलकडे बघ. माझं मी बघतो."

कासार आपल्या कामाला लागला. बोलून बोलून बिचारा किती बोलणार?

घट बसायचा दिवस उजाडला. ऊन देवळाच्या वरच्या पायरीवर यायच्या आत घट बसवायचा, अशी त्या गावाची रीत होती. कुंभार निघाला. "अगं बाई, केवढा मोर!" बाया म्हणाल्या, आणि कुंभाराची छाती फुगली. रस्ता सरळ होता तोवर सगळं ठीक चाललं. देवळापुढे मात्र डावीकडे मोठं वळण. त्याने हँडल वळवलं, बांधलेली केबल ताणली गेली आणि गाडी भुर्रकन पुढे उसळली. घटाभोवती धान्य पेरायला आणलेल्या काळ्या मातीचा ढीग तिथेच होता, त्यात ती घुसून आडवी झाली. कुंभाराला नुसतं खरचटलं. पण मोराचा चक्काचूर झाला आणि पाटीतून उडालेला देवीचा घट पायरीवर फुटला.

ओवाळायला आलेल्या बाया जागच्या जागी थिजल्या. पुजाऱ्याने उन्हाकडे बघितलं आणि विचारलं, "दुसरा घट आणा लवकर. दरवर्षी एक जास्तीचा असतो ना तुमच्याकडे?"

"नाही केला," कुंभार म्हणाला. "आजोबांपासूनचा मान, आणि माझ्या हातून देवीचा घट फुटला!" आणि तो तिथेच मातीत बसून ढसाढसा रडायला लागला.

तेवढ्यात कासार गाडी घेऊन आला. "उठा दादा, बसा मागे. तुमच्याकडून नेलेला घट आहे माझ्या घरी. अजून पूजा व्हायचीय त्याची."

"आणि तुझ्या घरी काय बसवशील?"

"तांब्याचा कलश. कासाराच्या घरात तांब्याला काय तोटा?"

घरून घट मांडीवर घेऊन परतताना कुंभाराने कासाराच्या खांद्यावरून तो पितळी मोर पहिल्यांदाच जवळून बघितला. मोराखालचं, हँडलवरचं प्लास्टिकचं झाकण चांगलं बोटभर तडकलेलं होतं.

"हे काय रे?"

"फुटलंय ते, दादा. नवीन मिळेना, म्हणून दुकानात पडलेला मोर बसवला वर. तडा दिसू नये, एवढंच. लोकांना काय, काहीही आवडतं!"

कुंभाराने मान खाली घातली. ऊन वरच्या पायरीला टेकायला आलं होतं, तेवढ्यात घट बसला.

मान गावाने कुंभाराकडेच ठेवला. पण पुढच्या वर्षीपासून गाडीवर घट चढवायच्या आधी तो हँडल डावीकडे वळवायचा, उजवीकडे वळवायचा आणि भिंतीवरून हाक मारायचा, "कासारभाऊ, जरा बघ रे येऊन, सगळं मोकळं आहे ना?"

तात्पर्य: ज्याच्या मनात हेवा असतो, त्याला हिताचा शब्दसुद्धा हेव्याचाच ऐकू येतो.