आकाशातला मळकट ढग

"घासायलाच पायजे का, उस्ताद?"

सकाळपासून केरबाचा नबीसाहेबांपुढे हाच घोशा चालला होता.

समोर शिळाछापाचा दगड. त्यावर त्यानेच काढलेलं चित्र होतं: रोमवर चालून आलेला रोमचाच सेनापती आणि त्याच्या वाटेत उभी राहिलेली त्याची म्हातारी आई. प्रती छापून झाल्या होत्या. आता वाळू-पाण्याने दगड कोरा करायचा आणि त्यावर पुढचं, लढाईचं चित्र काढायचं. मिरजेच्या त्या छापखान्याचा रिवाजच होता, ज्याने काढलं त्यानेच पुसायचं.

या दोन्हींची मूळ चित्रं भिंतीवर होती. शिळाछाप नवा होता तेव्हा जर्मनीत छापलेली. नबीसाहेबांच्या उस्तादांनी ती मुंबईहून छातीशी धरून आणली होती. त्या चित्रांखाली बसूनच नबीसाहेब लिहायला, चितारायला शिकले, आणि म्हातारेही तिथेच झाले. आता कागदाला कसर लागली, म्हणून केरबा ती नव्याने उतरवत होता.

दुसरा दगड नाही, नबीसाहेबांनी पुन्हा सांगितलं. इंग्रजांची जर्मनीशी लढाई लागल्यापासून तिथून येणारे हे दगड बंद होते.

केरबा दगडावरचा हात काढेना. त्या रोमच्या आईला त्याने आपल्या आईचा चेहरा दिला होता. ती प्लेगात गेली. तिची तसबीर कुठेच नव्हती.

"एवढ्या कागदांवर आहे की ती," नबीसाहेब म्हणाले.

"कागदावर छाप हाय. माझा हात हितं फिरलाय..."

मग त्याचा ताठा उफाळला. असलं काम जर्मनांनी कधी पुसलं नसतं, त्यांना कदर होती, असं तो तोडून बोलला. एरवी याच जर्मनांना तो हसायचा. भिंतीवरच्या लढाईच्या चित्रात निरभ्र आकाशात एक मळकट ढग होता. चितारी झोपेत होता वाटतं, म्हणायचा. आपल्या चित्रात तो ढग गाळायचं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

नबीसाहेब उठले. भिंतीवरची दोन्ही चित्रं उतरवली, चौकटीतून काढली. एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरली.

केरबा बघतच राहिला. ढग नेमका म्हातारीच्या चेहऱ्यावर बसला होता. कपाळ, नाक, हनुवटी...

"एकाच दगडावरची हैत?"

"पुसलं होतं त्या चिताऱ्यानंही."

मग केरबाने वाळू घेतली.

सैनिक गेले. घोडे गेले. रोमची वेस गेली. दगडावरून दुधासारखं पाणी वाहत होतं. चेहऱ्यापाशी आल्यावर मात्र त्याला रडू आवरेना. तरी तो घासत राहिला. चेहरा फिका झाला, आणखी फिका...

छपाईत माशीएवढा डाग दिसला तरी कान पिळणारे नबीसाहेब. त्यांनी हळूच त्याचं मनगट धरलं.

"बास, केरबा. आकाशात एखादा ढग असू दे."